शाळेच्या उंबरठ्यावरची मुले

एका कृष्णवर्णीय मुलाचे चरित्र मराठी घरांत गेली चार दशके मोठ्या आवडीने वाचले जात आहे. वसईशी ज्यांचे नाते आहे त्या वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. शाळेच्या बक्षीस समारंभात, दृढीकरणाच्या वा वाढदिवसाच्या निमित्ताने, मुलांच्या हाती विश्वासाने द्यावे असे जे थोडे मराठी ग्रंथ आहेत, त्यांत त्याची गणना होते. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला आणि तान्हेपणीच आईला पारखा झालेला जॉर्ज कार्व्हर शिक्षणाच्या ओढीने कोवळ्या वयात घर सोडतो. लोकांकडे पडेल ते काम करीत तो एकेक शाळा गाठतो आणि पुढे शेतीशास्त्रज्ञ होतो. १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत गेल्यानंतर १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो आपली विद्या गरीब शेतकऱ्यांच्या पायी वाहतो. आपल्यासारख्या शेती-बागायतीवर वाढलेल्या आणि प्रार्थनेवर श्रद्धा असलेल्या समाजाला हे चरित्र आपलेसे वाटावे, यात नवल नाही.

परंतु आपण ते कसे वाचले, हा प्रश्न वेगळा आहे. कार्व्हरचा भुईमूग आपल्या लक्षात राहिला, त्याचे पहाटेचे फिरणे आणि साधी राहणीही राहिली. १८७९ साली कॅन्ससमधील फोर्ट स्कॉट गावात जमावाने एका काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून काढून ठार केल्याचे या मुलाने पाहिले आणि त्याच दिवसांत ते गाव सोडले, हे मात्र आपण विसरतो. हायलँडच्या महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष त्याचा रंग पाहताच दार लावून घेतले, हा प्रसंगही आपण ‘संकटांवर मात’ या सदरात जमा करून टाकतो. मुलांना आपण सांगतो, ‘बघ, त्याच्यापाशी काही नव्हते तरी तो किती शिकला! तुला तर सारे आहे.’ हा उपदेश चुकीचा नाही. पण दार लावणारे हात कोणाचे होते, ते त्यातून गळून पडते. अन्यायाची कथा अशा रीतीने परिश्रमाची कथा होते, आणि वाचणाऱ्याला स्वतःकडे पाहण्याची गरज उरत नाही.

ज्या साहित्याविषयी येथे लिहावयाचे आहे, ते या गळलेल्या जागेपासून सुरू होते. किशोरवयातील मुलामुलींनी अन्यायाला तोंड देताना जे पाहिले ते त्यांच्याच नजरेतून सांगणारे हे लेखन आहे. त्याच्या अमेरिकेतील रूपाकडे आधी थोडक्यात पाहू आणि मग आपल्या मराठीकडे वळू.

अमेरिकेतील तीन कादंबऱ्या

मिल्ड्रेड टेलर या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही कादंबरी १९७६ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला बालकुमार साहित्याचा न्यूबेरी पुरस्कार मिळाला. १९३३ सालचा मिसिसिपीचा ग्रामीण प्रदेश आणि तेथील लोगन हे काळे शेतकरी कुटुंब यांची ही कथा आहे. सांगते ती नऊ वर्षांची कॅसी. तिच्या शाळेत पुस्तके वाटली जातात. गोऱ्या मुलांनी वर्षानुवर्षे वापरून फाटलेली, त्यांना नकोशी झालेली ही पुस्तके आहेत. पहिल्या पानाच्या आत एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात पुस्तक कोणत्या वर्षी, कोणत्या स्थितीत, कोणत्या वंशाच्या मुलाला दिले ते नोंदलेले असते. पुस्तक अगदी टाकाऊ झाल्यावरच काळ्या मुलाची नोंद येते, आणि तीही हेटाळणीच्या शब्दात. कॅसीचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ तो तक्ता वाचतो आणि पुस्तक जमिनीवर टाकून त्याच्यावर पाय आपटतो. शिक्षिका त्याला शिक्षा करते. त्याची आईदेखील त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती मुलाला रागावत नाही, गाजावाजाही करीत नाही. ती कागद घेऊन तो तक्ता झाकून टाकते. एवढ्या लहानशा कृतीत एक सबंध समाजव्यवस्था आणि एका आईचे तिला दिलेले उत्तर सामावले आहे. लोगन कुटुंबाची स्वतःची जमीन आहे आणि ती राखण्यासाठी चाललेली धडपड कादंबरीभर जाणवते. जमीन गेली की माणसाची मानही जाते, हे वसईच्या शेतकऱ्याला कोणी निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वॉल्टर डीन मायर्स यांची ‘मॉन्स्टर’ ही १९९९ सालची कादंबरी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील सोळा वर्षांच्या स्टीव्ह हार्मनची आहे. एका दुकानातील लूट आणि खून यांत त्याचा हात होता असा आरोप ठेवून त्याला तुरुंगात डांबले आहे आणि खटला चालू आहे. स्टीव्हला चित्रपट करण्याचा नाद आहे, म्हणून तो आपला खटला पटकथेच्या रूपात लिहितो. सरकारी वकील त्याला राक्षस म्हणते आणि तेच नाव तो आपल्या लेखनाला देतो. शेवटी तो निर्दोष सुटतो. आनंदाने तो आपल्या वकील बाईंकडे हात पसरून वळतो, तेव्हा त्या पाठ फिरवतात. तिने माझ्यात काय पाहिले, हा प्रश्न घेऊन तो घरी येतो. कायद्याने माणूस सुटला तरी लोकांच्या नजरेतून सुटत नाही, हे मायर्स यांनी एकही भाषण न करता दाखविले आहे.

अँजी थॉमस यांची ‘द हेट यू गिव्ह’ ही २०१७ सालची. सोळा वर्षांच्या स्टार कार्टरच्या डोळ्यांदेखत तिचा बालमित्र खलील पोलिसाच्या गोळीने मरतो. ती एकमेव साक्षीदार आहे. पोलिसाने अडवले तर हात कोठे ठेवायचे, कसे बोलायचे, हे तिच्या वडिलांनी तिला बाराव्या वर्षीच शिकविलेले असते. ती राहते काळ्यांच्या वस्तीत आणि शिकते श्रीमंत गोऱ्या मुलांच्या शाळेत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी. शाळेच्या दारातून आत जाताना ती स्वतःला बदलून घेते. घरात कादोडी वा वाडवळी बोलणाऱ्या आणि वर्गात ती भाषा तोंडातून निसटू नये म्हणून जपणाऱ्या आपल्या मुलांना स्टारची ही दुहेरी ओढाताण परकी वाटणार नाही. अर्थात दोन्हींची किंमत सारखी नाही. आपल्या मुलाची भाषा निसटली तर वर्ग हसतो, स्टारच्या वस्तीत चूक झाली तर जीव जातो.

या तिन्ही कादंबऱ्यांत तीन गोष्टी समान आहेत. कथा मूल स्वतः सांगते. त्याच्यावरील अन्याय कोणा एका दुष्टाकडून होत नाही, तो शाळा, न्यायालय, पोलीस अशा ज्या संस्थांवर मुलाने विश्वास ठेवायचा त्यांच्याकडूनच होतो. आणि तारणारा कोणी थोर माणूस बाहेरून येत नाही. हार्पर ली यांच्या १९६० सालच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’शी तुलना केली तर फरक चटकन ध्यानात येईल. तेथेही वर्णद्वेष आहे आणि बालिकेची दृष्टी आहे. पण ती बालिका गोरी आहे, झुंजणारा वकील तिचा बाप आहे, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्या टॉम रॉबिन्सनच्या मुलांना मनात काय वाटले ते आपल्याला कळत नाही. टेलर, मायर्स आणि थॉमस यांनी लेखणी त्या मुलांच्या हाती दिली.

मराठीत हे साहित्य कोठे आहे?

मराठीत ‘किशोरांसाठी सामाजिक कादंबरी’ असा स्वतंत्र कप्पा फारसा भरलेला नाही. आपल्या कुमारवाङ्मयात साहसे आहेत, विज्ञान आहे, ‘श्यामची आई’पासून आलेला संस्कारांचा सुंदर वारसा आहे. परंतु जातीमुळे वर्गाबाहेर बसलेल्या मुलाची कथा शोधायची तर वेगळ्या फळीकडे जावे लागते. ती फळी दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांची आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही नावे वाचकांना परिचित आहेत. या ग्रंथांचा विचार आजवर दलित साहित्य म्हणून, चळवळीचा दस्तऐवज म्हणून पुष्कळ झाला. पण त्यांची उत्तम पाने काढून पाहिली तर ती बहुधा आठ ते अठरा या वयाची असतात. शाळा हेच त्यांचे मुख्य रंगस्थान आहे. या अर्थाने अमेरिकेतील त्या कादंबऱ्यांची ही मराठी भावंडे आहेत.

हे नाते आजचे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेतील काळ्यांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकांपुढे आणले.

ख्रिस्ती वाचकांना विशेष वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. आपली दुःखे स्वतःच्या शब्दांत सांगणारे मराठीतील सर्वांत जुने किशोरवयीन लेखन एका ख्रिस्ती नियतकालिकात छापले गेले. अमेरिकन मिशनने १८४२ साली सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ने १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध केला. मुक्ता मांग समाजातील, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी होती. वेदांचा अधिकार ज्यांचा त्यांचाच, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने थेट परमेश्वराला विचारला. त्या संपादकांनी तिच्यासाठी बोलण्याचा आव आणला नाही, तिला पाने दिली. नियतकालिक चालविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नाव, सहल आणि चोरीचा शिक्का

‘अक्करमाशी’ हा शब्द सोनाराच्या तराजूतला आहे. तोळ्याचे बारा मासे, अकराच भरले तर सोने हिणकस. लिंबाळे यांची आई मसामाई महार, आणि वडील गावचे लिंगायत पाटील. विवाहाविना जन्मलेल्या या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न पुस्तकभर ठसठसत राहतो. पुस्तकाच्या आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले एका झाडाखाली बसतात, महार मुले दुसऱ्या. वरच्या जातीच्या मुलांचे उरलेले अन्न त्यांच्याकडे येते आणि भुकेली मुले ते खातात. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. आता हा मुलगा काय लिहिणार? निबंधाच्या वहीत बसेल अशी ती सहल नव्हतीच. कॅसीच्या भावाने ज्या पुस्तकावर पाय आपटला ते पुस्तक आणि लिंबाळ्यांची ही कोरी वही शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हीकडे शाळेने मुलाला शिकविले ते एकच, तुझी जागा कोठे आहे.

याच पुस्तकात एक माणूस भेटतो, त्याच्याविषयी आपल्यासारख्या वाचकांनी थांबून विचार करावा. आजी संतामाईबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा बसस्थानकावरील मुसलमान हमाल या मुलाला नातवासारखे वाढवितो. ज्याच्याशी रक्ताचे, जातीचे, धर्माचे कसलेच नाते नाही, तो आजोबा होतो. ज्याचे रक्ताचे नाते आहे तो पाटील मात्र ओळख देत नाही. शोमरोनी माणसाचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. त्याचा अर्थ लिंबाळ्यांच्या या पानांत ज्या साधेपणाने उतरला आहे, तसा प्रवचनांतून क्वचितच उतरतो.

‘उपरा’मधील कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणीत गावोगाव फिरते. मुलाने शिकावे हा बापाचा हट्ट आहे. परंतु ज्याचे गावच ठरलेले नाही त्याची शाळा कशी ठरावी? अन्याय येथे केवळ बाहेरून येत नाही. आपल्या माणसांनाही पोर शिकून परके होईल ही भीती आहे, आणि जातपंचायतीचा धाक आहे. आपला समाज सर्वथा निर्मळ आणि बाहेरचे तेवढे दुष्ट, अशी सोपी वाटणी माने करीत नाहीत. म्हणूनच १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे हे पुस्तक प्रामाणिक वाटते.

‘उचल्या’ हे ‘मॉन्स्टर’च्या सर्वांत जवळचे आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का राहिला. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या पाथरूट समाजातील या मुलाच्या घरावर चोरी कोठेही झाली तरी पोलीस येतात, बायामाणसांनाही मारतात. या समाजातील मुलांना खिसे कापण्याचे शिक्षण मिळते. लक्ष्मणचा बाप त्याला शाळेत घालतो आणि त्यामुळे घराची घडीच विस्कटते. आपल्याला गाव नाही, घर नाही, जन्मतारीख नाही, असे सांगतच लेखक वाचकापुढे येतो. स्टीव्ह हार्मनच्या वकिलाने पाठ फिरविली तशी सबंध गावाने या मुलाकडे फिरविलेली आहे, आणि तीसुद्धा त्याने काही करण्याआधी.

किशोर काळे यांनी आपल्या नावात आईचे नाव लावले. तमाशात नाचणाऱ्या कोल्हाटी आईचा हा मुलगा आजोबांच्या घरी मार खात, राबत वाढला आणि मुंबईत शिकून डॉक्टर झाला. २००७ साली अपघाती मृत्यूने तो ऐन उमेदीत गेला. ज्या समाजात मुलीच्या नाचावर सारे घर जेवते आणि तिलाच लग्नाचा अधिकार नाही, त्या समाजाविषयी तो रागाने लिहितो. आईविषयी मात्र रागाहून ओढ मोठी ठरते. किशोरवयातील मुलाला आई हवी असते, समाजशास्त्र नको असते. हे ज्याला कळले त्याचे पुस्तक जिवंत राहते.

उणिवा

या साहित्याची थोरवी मान्य करूनही त्याच्या उणिवा सांगितल्या पाहिजेत. सहानुभूतीने केलेली स्तुती ही टीका नव्हे, आणि या लेखकांना तिची गरजही नाही.

पहिली उणीव रचनेची. यांतील पुष्कळ आत्मकथनांचा पूर्वार्ध जितका दाट आहे तितका उत्तरार्ध नाही. मुलगा मोठा झाला, नोकरीत वा चळवळीत शिरला, की सभा, मोर्चे, भांडणे यांची जंत्री सुरू होते आणि ज्या मुलाच्या डोळ्यांनी आपण पाहत होतो ते डोळे मिटतात. टेलर यांनी या कादंबरीत कॅसीला मोठी होऊ दिले नाही. कादंबरी त्या वयाशीच थांबते आणि तिची धार टिकते. अर्थात आत्मकथनाला कादंबरीसारखे हवे तेथे थांबता येत नाही, हेही खरे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मुलगा शाळेत जातो तेव्हा त्याची बहीण कोठे असते? ती शेण गोळा करीत, भावंडे सांभाळीत कडेला राहते आणि लग्न होऊन पुस्तकाबाहेर जाते. ही बाजू स्त्रियांनीच लिहिली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) फलटण परिसरातील महार स्त्रियांचे जगणे सांगते आणि घरातल्या पुरुषांनी सुनांवर केलेला जुलूमही लपवीत नाही. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे गावची शाळा आहे. गुरुजी या मुलीला शेण काढायला सांगतात, ती नकार देते आणि मार खाते. बांबूची आयदाने विणून संसार ओढणारी तिची आई गुरुजींना रस्त्यातच जाब विचारते. एकीकडे तक्ता मुकाट्याने झाकणारी मिसिसिपीची आई आणि दुसरीकडे चारचौघांत आवाज चढविणारी कोकणातली आई. दोघींचे मार्ग वेगळे, पण आपल्या लेकराचा अपमान हा नियम म्हणून मान्य करायचा नाही, हा दोघींचा निश्चय एकच.

‘मुलांच्या हाती कसे द्यावे?’

या पुस्तकांत शिव्या आहेत, दारू आहे, स्त्रीदेहाचे हाल आहेत. ती मुलांच्या हाती कशी द्यावीत, अशी शंका धर्मग्रामातील आईबाप घेतात. शंका रास्त आहे. ‘अक्करमाशी’ किंवा ‘बलुतं’ दहा वर्षांच्या मुलाला देऊ नये. परंतु पंधरा-सोळाव्या वर्षी, घरात कोणी वडीलधारे सोबत वाचीत असतील आणि बोलायला तयार असतील, तर या पुस्तकांनी मूल बिघडत नाही. ज्या मुलाच्या हातातल्या फोनवर सारे जग उघडे आहे त्याला या शिव्या नव्या नाहीत. या शिव्यांमागचे दुःख मात्र त्याला नवे असेल. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी ‘आठवणींचे पक्षी’मधील शाळेसाठी धडपडणाऱ्या अनाथ प्रल्हादची प्रकरणे, ‘आयदान’मधील शाळेची प्रकरणे, ‘उपरा’चा आरंभ, अशी निवड करून वाचता येईल. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आईबापांनी मुलांबरोबर बसून पाहावा आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड कोणाच्या दिशेने आला, यावर बोलावे.

आणि आपल्या पवित्र ग्रंथाला तरी अशी कथा कोठे परकी आहे? उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ सतरा वर्षांचा आहे. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात आणि वीस रुप्यांना विकतात. परक्या देशात खोट्या आरोपावरून तो तुरुंगात पडतो. गुलामी, खोटा खटला, तुरुंग, सारे त्यात आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना योसेफाचा रंगीत झगा आणि पुढची राजवस्त्रे सांगतो. कार्व्हरचे आपण जे केले तेच योसेफाचेही केले. परंतु त्या कथेतील सर्वांत मोठा क्षण भावांचा आहे. अनेक वर्षांनी मिसर देशात अडचणीत सापडल्यावर त्यांना आठवते, की पोरगा गयावया करीत होता, त्याचा जीव कासावीस झालेला आपण पाहत होतो, आणि आपण ऐकले नाही. पवित्र शास्त्राने ही कथा ज्यांच्याकरिता लिहिली ते या भावांचेच वंशज होते. अन्यायाची कथा वाचताना आपण नेहमी योसेफाच्या बाजूला जाऊन उभे राहतो. कधी तरी भावांच्या रांगेत उभे राहून ती वाचून पाहावी.

आपल्या तालुक्यातील न लिहिलेले पुस्तक

वसईच्या लेखनात अन्यायाची जाणीव नाही असे नाही. पाणी, जमीन आणि हिरवाई यांच्यासाठी झालेला हरित वसईचा लढा, टँकर, बिल्डर आणि दहशत यांविरुद्ध उठलेला आवाज, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी घेतलेला पुढाकार, हे सारे आपल्या साहित्यात आले आणि ते योग्यच झाले. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादरांना मिळाले तेव्हा त्या आवाजाचाही सन्मान झाला. २०२४ साली ते आपल्यातून गेले. त्यांचा वारसा सांगताना हेही म्हटले पाहिजे, की आपल्या साहित्यात आपण बहुधा पीडित म्हणून येतो. आपल्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या जे आदिवासी राबले, त्यांच्या मुलांचे बालपण आपल्या कथांत कोठे आहे? ते पाणी शिंपून, भारे वाहून पानाच्या कडेने निघून जातात, ‘उपरा’मधल्या बहिणीसारखे.

ही माणसे अज्ञात नाहीत. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आले. तलासरी-डहाणूकडील वारल्यांची वेठबिगारी, लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराकडे गहाण पडणारे लग्नगडी, आणि १९४५ चा उठाव त्यात आहे. तो सारा मुलूख आज २०१४ साली झालेल्या आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला. तरी १९८० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटनेमार्फत वसई तालुक्याच्या पूर्वपट्ट्यापासून वेठबिगारांच्या मुक्तीचे काम हाती घ्यावे लागले. या कामासाठी १९९९ साली त्यांना गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुलामगिरी हा शब्द आपण मिसिसिपीसाठी राखून ठेवला होता. तो उसगाव-पारोळच्या वाटेवर लागू पडला. वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटते, म्हणून भट्टीवरच भोंगाशाळा चालवाव्या लागल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांची तात्पुरती झोपडी. त्या भोंग्यात अक्षरे गिरविणाऱ्या मुलीपाशी सांगण्यासारखे काय असेल, याची कल्पना ‘अक्करमाशी’ वाचणाऱ्याला करता येईल.

आपल्या ख्रिस्तसभेतही हा प्रश्न आहे. दलित ख्रिस्ती बांधवांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले, याची तक्रार आपण सरकारकडे सातत्याने करीत आलो. परंतु २०१६ साली भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही जातीचा भेदभाव आहे, असे स्पष्टपणे मान्य केले. बाप्तिस्म्याचे पाणी एक आणि पंगती वेगळ्या, हे धर्मगुरूंनी कबूल केल्यावर आपल्या कथा-कादंबऱ्यांनी गप्प राहण्याचे कारण नाही.

यावर आपल्यापैकी कोणी हौशी लेखकाने लगेच एखाद्या वारली मुलावर कादंबरी लिहावयास घ्यावी, असे येथे सुचवावयाचे नाही. तशी कादंबरी सद्हेतूने लिहिली जाईल. तिच्यात एक कनवाळू वाडीवाला असेल, तो मुलाची फी भरील, आणि आपण सारे सुखावू. वाडीवाल्याच्या घरात वाढलेल्या लेखकाला लिहिता येईल अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे त्या घराची. गड्याला कप वेगळा का होता, त्याच्या मुलाला आपल्या मुलाच्या शाळेत कोणी का पाठविले नाही, याची. भावांनी आपली बाजू खरेपणाने सांगावी. योसेफाची बाजू योसेफच सांगेल. त्याने ती सांगावी म्हणून आपण काय करू शकतो, याचे उत्तर १८५५ सालच्या त्या संपादकांनी देऊन ठेवले आहे. धर्मग्रामाच्या वाचनालयात ही पुस्तके असावीत, ती पूर्वपट्ट्यातील आश्रमशाळांपर्यंत जावीत, आणि तेथील एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीने तिच्या बोलीत चार पाने लिहिली तर या आणि अशा त्रैमासिकांनी ती तिची भाषा न धुता छापावीत.

तोवर ‘एक होता कार्व्हर’ आपण मुलांना अवश्य द्यावे. ते उत्तम पुस्तक आहे. मात्र ते वाचून झाल्यावर मुलाला एक प्रश्न विचारावा. हायलँडच्या महाविद्यालयात त्या दिवशी दार लावून घेणाऱ्या गृहस्थाच्या घरी रात्री जेवताना काय बोलणे झाले असेल? मूल विचार करील आणि कदाचित आपल्याच जेवणाच्या मेजाकडे पाहील. त्याने तसे पाहिले, तर त्याचे वाचन नीट झाले असे समजावे.